हलक्या क्रूझरची रचना व सेवा : 'अकिलीस' ते 'दिल्ली'

प्रस्तावना :
युद्धनौकेची रचना ही वेग, मारक शक्ती आणि संरक्षण यांच्यातील तडजोड असते. या तडजोडीत जे वगळले जाते, त्याची किंमत युद्धात नाविकांना मोजावी लागते. पुढे भारतीय नौदलाची पहिली क्रूझर ठरलेल्या 'अकिलीस' या ब्रिटिश बनावटीच्या नौकेच्या आधारे प्रस्तुत लेखात या विधानाचे विवेचन केले आहे.

रचना :
१९३० च्या लंडन नाविक करारानुसार ६.१ इंचांपर्यंत व्यासाच्या तोफा असलेल्या क्रूझर 'हलक्या' गटात मोडत. शिवाय प्रत्येक राष्ट्राच्या एकूण टनभारावर मर्यादा होती. दूरवर पसरलेल्या व्यापारमार्गांच्या रक्षणासाठी ब्रिटनला संख्येने अधिक नौका हव्या होत्या. साहजिकच प्रत्येक नौकेचा आकार मर्यादित ठेवणे भाग होते. 'लिअँडर' वर्गातील 'अकिलीस' बर्कनहेड येथे बांधली जाऊन १९३३ मध्ये सेवेत आली. तिचा टनभार सुमारे ७,००० व लांबी सुमारे १६९ मीटर होती. चार जोडमनोऱ्यांत ६ इंची ८ तोफा होत्या. ७२,००० अश्वशक्तीच्या टर्बाइनमुळे ती ३२ नॉटहून अधिक वेग गाठत असे. मात्र तोफमनोऱ्यांचे कवच अवघे १ इंच जाडीचे होते. बाष्पित्रे पुढे व एंजिने मागे अशी मांडणी असल्याने एकाच आघाताने नौका निश्चल होण्याचा धोका होता.

युद्धसेवा :
१३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेतील प्लेट नदीच्या मुखाबाहेर 'अकिलीस', 'एजॅक्स' व 'एक्झीटर' यांची गाठ 'अॅडमिरल ग्राफ स्पे' या जर्मन युद्धनौकेशी पडली. तिच्या ११ इंची ६ तोफा दोनच मनोऱ्यांत होत्या. कमोडोर हारवुड यांनी दोन दिशांनी हल्ला चढवून शत्रूला मारा विभागण्यास भाग पाडले. येथे वेग व संख्या उपयोगी पडली. परंतु 'अकिलीस'च्या तोफनियंत्रण मनोऱ्यात तोफगोळ्याच्या ठिकऱ्या घुसल्या. या लढाईत तिचे ४ नाविक मृत्युमुखी पडले. 'ग्राफ स्पे' माँटेव्हिडिओ बंदरात आश्रयास गेली व १७ डिसेंबरला तिच्याच कप्तानाने ती बुडविली.

रचनेतील दुसरी उणीव आकाशातून उघड झाली. ५ जानेवारी १९४३ रोजी ग्वादलकनालजवळ जपानी बाँब तिसऱ्या मनोऱ्यावर पडून १३ जण ठार झाले. दुरुस्तीच्या वेळी तो मनोरा पुन्हा न बसविता त्याजागी विमानवेधी तोफा बसविण्यात आल्या. १९३० मध्ये गृहीत धरलेले सागरी युद्ध बदलले होते, याची ही कबुलीच होय.

भारतीय नौदलातील सेवा :
५ जुलै १९४८ रोजी ही नौका 'दिल्ली' या नावाने भारतीय नौदलात दाखल झाली. रचनेच्या दृष्टीने ती तोवर जुनी झाली होती. तरीही मोठी नौका चालविण्याचे, तोफखान्याचे व यंत्रविभागाचे शिक्षण देणारी शाळा म्हणून तिचे मोल मोठे होते. १९५६ च्या 'द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट' या चित्रपटात तिने स्वतःचीच भूमिका केली. डिसेंबर १९६१ मध्ये दीवच्या मुक्तीसाठी तिच्या तोफा पुन्हा धडाडल्या. १९७८ मध्ये मुंबई येथे ती निवृत्त झाली.

निष्कर्ष :
कराराच्या मर्यादेत घडलेली ही रचना निर्दोष नव्हती. तिच्या उणिवा भरून निघाल्या त्या डावपेचांनी, वेळोवेळी केलेल्या फेरबदलांनी आणि नाविकांच्या प्रशिक्षणाने. म्हणूनच युद्धनौकेचे मूल्यमापन केवळ आराखड्यावरून न करता तिच्या संपूर्ण सेवाकाळावरून करणे उचित ठरते.