क्रोयरचा किनारा, क्रोयरची माणसं

डेन्मार्कच्या नकाशात जटलंडचं उत्तर टोक शोधलं तर वाळूचा एक निमुळता दांडा समुद्रात शिरलेला दिसतो. त्याचं नाव ग्रेनेन. एका अंगाला स्कागेराक, दुसऱ्या अंगाला कॅटेगॅट. टोकाशी दोन्ही समुद्रांच्या लाटा समोरासमोर येऊन आदळतात. शेजारचं स्कागेन हे कोळ्यांचं गाव. 1890 पर्यंत तिथे रेल्वे नव्हती, बंदर तर 1907 मध्ये झालं. अशा आडगावी 1882 च्या उन्हाळ्यात पेडर सेव्हेरिन क्रोयर पहिल्यांदा आला, तेव्हा तो एकतीस वर्षांचा आणि पॅरिसमध्ये नाव कमावलेला चित्रकार होता.

जन्म नॉर्वेतल्या स्टाव्हांगरचा, 1851 चा. आईची मानसिक प्रकृती बरी नसल्याने तो कोपनहेगनला मावशीकडे वाढला. मावशीचे यजमान हेन्रिक क्रोयर प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या अभ्यासासाठी या मुलाने वयाच्या नवव्या वर्षी एका परजीवी जलचराचं चित्र काढून दिलं. नजर आणि हात दोन्ही तेव्हापासूनचे! पुढे शाही कला अकादमी, मग पॅरिसला लेऑं बोना यांच्याकडे शिक्षण. तंबाखूचा कारखानदार हाइनरिख हिर्शस्प्रुंग याने त्याच्या प्रवासांसाठी पैसे पुरवले, आणि त्याची चित्रंही विकत घेतली. त्या संग्रहाचं आज कोपनहेगनमध्ये संग्रहालय आहे.

स्कागेनला चित्रकार क्रोयरच्या आधीच येऊ लागले होते. मिखाएल अँकर 1874 ला आला, ब्रोंडमच्या खाणावळीत उतरला आणि खाणावळवाल्याची मुलगी आना हिच्याशी त्याने 1880 मध्ये लग्न केलं. आना स्वतः चित्रकार होती, आणि माझ्या मते साऱ्या मंडळींत सर्वांत धाडसी रंग तिचे. होल्गर द्राकमान हा कवीही आणि समुद्रचित्रकारही. नॉर्वेचा क्रिस्तियान क्रोग, स्वीडनचा ओस्कार ब्योर्क. ही सगळी ब्रोंडमच्या जेवणाच्या खोलीत जमत. तिथल्या लाकडी भिंतींवर या मंडळींनी एकमेकांची व्यक्तिचित्रं बसवली. ही खोली ध्यानात ठेवावी, कारण क्रोयर समजून घ्यायला तीच खरी किल्ली आहे.

लोक त्याच्या निळ्या किनाऱ्यावर भुलतात, आणि ते साहजिकच आहे. उत्तरेकडे उन्हाळ्यात संध्याकाळ रेंगाळते. सूर्य क्षितिजाखाली गेल्यावर वातावरणातला ओझोन पिवळ्या-नारिंगी छटा शोषून घेतो, माथ्यावर निळा उरतो. खाली ओली वाळू आणि पाणी तोच निळा परतवतात. जमीन आणि समुद्र यांच्यातली रेषा विरघळते. क्रोयरने ही वेळ तैलरंगात पकडली. पण 1893 चं त्याचं प्रसिद्ध चित्र पाहा: स्कागेनच्या दक्षिण किनाऱ्यावर दोघी पाठमोऱ्या चालल्या आहेत, आना अँकर आणि क्रोयरची पत्नी मारी. त्या दोघींना मनाने पुसून टाका. उरतो तो सुंदर, पण अनोळखी किनारा. त्या निळ्याला ऊब येते ती या दोन ओळखीच्या पाठींमुळे. आणि हा क्षण अवचित सापडलेला नव्हता. त्यासाठी क्रोयरने छायाचित्रांचा आधार घेतला होता. जर्मन गायिका लिली लेमान या चित्राची पहिली मालकीण. 1986 पासून ते स्कागेनच्या संग्रहालयात आहे.

हीच रीत 'हिप हिप हुर्रे' या चित्रात अधिक उघड आहे. निमित्त झालं अँकरांच्या बागेतल्या एका मेजवानीचं आणि तिच्या छायाचित्राचं. चित्र पुरं व्हायला चार वर्षं लागली, 1884 ते 1888. आपल्या बागेत कॅनव्हास आणि माणसांची रोजची वर्दळ मिखाएल अँकरला सोसेना, म्हणून टेबल-खुर्च्यांचं बस्तान हलवावं लागलं! शेवटी पानांमधून सांडणाऱ्या उन्हात प्याले उंचावलेले मित्र दिसतात, आणि त्यांच्या जोडीला अँकर दांपत्याची चिमुकली मुलगी हेल्गा. एका टेबलाभोवती बसवलेली ही व्यक्तिचित्रंच आहेत. ज्यांच्याविषयी आदर वाटे, त्यांची चित्रं काढणं हे क्रोयरचं मैत्री निभावणं होतं. द्राकमानला त्याने असंच रंगवलं. मारीने आणि त्याने 1890 मध्ये परस्परांची चित्रं काढली, तीही एकत्र ठेवलेली आहेत.

एक गोष्ट मात्र खटकते. सुरुवातीच्या क्रोयरच्या किनाऱ्यावर जाळी ओढणारे कोळी आहेत. 1883 चं तसं मोठं चित्र प्रसिद्ध आहे. पुढे पांढऱ्या कपड्यांतल्या स्त्रिया आल्या आणि कष्टकरी माणूस कडेला सरकत गेला. मिखाएल अँकरने कोळ्यांना सोडलं नाही, आणि या बाबतीत मी अँकरच्या बाजूने आहे. क्रोयरला माणसं हवी होती, पण हळूहळू ती त्याच्याच वर्तुळातली उरली.

ते वर्तुळही तुटलं. त्याला मानसिक आजाराने ग्रासलं, दृष्टी अधू झाली. मारी स्वीडिश संगीतकार ह्युगो आल्फवेनच्या प्रेमात पडली, 1905 मध्ये घटस्फोट झाला. पुढच्याच वर्षाची तारीख असलेलं एक भलंमोठं चित्र त्याने पुरं केलं: स्कागेनच्या किनाऱ्यावरची मध्यग्रीष्माची होळी. ज्वाळांभोवती जमलेल्या गर्दीत द्राकमान आहे, अँकर पती-पत्नी आहेत, आणि बोटीला टेकून मारी आणि आल्फवेनही उभी आहेत. जी माणसं दुरावली, त्यांनाही त्याने आपल्या किनाऱ्यावर जागा दिली. त्याचं हे सर्वांत मोठ्या मनाचं चित्र आहे, निळी संध्याकाळ कितीही विकली जात असली तरी.

1908 मध्ये ब्रोंडमच्याच जेवणाच्या खोलीत स्कागेनच्या संग्रहालयाची स्थापना झाली. संस्थापकांत क्रोयर होता. वर्षभरानंतर, नोव्हेंबर 1909 मध्ये, तो स्कागेनलाच वारला. पुढे ती खोली भिंतींवरच्या व्यक्तिचित्रांसकट संग्रहालयात हलवण्यात आली. कधी तिथे गेलात, तर निळ्या समुद्राकडे वळण्याआधी या खोलीत थोडा वेळ बसा, आणि भिंतींवरची माणसं ओळखून घ्या.