कुंडलिकेच्या खोऱ्याची मोजणी कोण करणार?

रोह्यालगतच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांच्या टाक्या, नळ आणि बाष्पके ज्या खडकावर उभी आहेत, तो दख्खनचा काळा पाषाण आहे, हे शाळकरी पोरही सांगेल. हा पाषाण कोठे भंगलेला आहे आणि तो भंग गेल्या काही हजार वर्षांत हलला आहे काय, हा प्रश्न मात्र आपल्या सार्वजनिक चर्चेत सहसा येत नाही. खोऱ्याच्या वरच्या अंगाला मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून कुंडलिकेत उतरते आणि खाली दाट वस्ती आहे, हे लक्षात घेता हे मौन परवडण्याजोगे नाही.

दख्खनचे पठार अचल आहे, या समजुतीला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेने तडा दिला. ६.३ प्रतीच्या त्या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली. तरीही ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी उद्ध्वस्त झाली, तेव्हा तो मुलूख भूकंप-नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता! नकाशा करणारांचा हेतू वाईट नव्हता. त्यांचे साधनच अपुरे होते. लेखी नोंदी तीनचारशे वर्षांच्या आणि अशा भ्रंशाची निद्रा हजारो वर्षांची. किल्लारीपासून फार दूर नसलेल्या तेर या प्राचीन नगरीत विटांच्या जुन्या बांधकामातील विस्थापनावरून संशोधकांनी चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास तेथे मोठा भूकंप झाला असावा, असे अनुमान काढले आहे. कोणत्याही बखरीत नसलेली ही हकिकत जमिनीने जपून ठेवली होती.

जमिनीची ही बखर वाचण्याचे नवे साधन म्हणजे विमानातून केलेले लेसर-मापन, ज्याला लायडार म्हणतात. विमान दर सेकंदाला लाखो प्रकाशस्पंद खाली सोडते. त्यांतील बरेच झाडांच्या पानांवर आदळून परततात, पण काही पानांच्या फटींतून मातीपर्यंत पोचतात. परतीला लागलेल्या वेळेवरून उंची निघते. झाडांवरचे बिंदू गणिताने वगळले, की जंगलाखालची उघडी भूमी समोर उभी राहते. मग अर्ध्या मीटरची सरळ पायरी, एकाच रेषेवर एकाच बाजूला सरकलेले ओढे, कललेले नदीकाठ दिसू लागतात. अशा जागी चर खणून, मातीच्या तुटलेल्या थरांतील कोळशाचे वय काढून, पूर्वी भूकंप केव्हा आणि कितीदा झाला हे ठरवता येते.

अमेरिकेत सिएटलजवळ १९९६ च्या सुमारास असे मापन झाले ते भूजलाच्या अभ्यासासाठी, पाणीपुरवठ्याच्या एका स्थानिक सार्वजनिक संस्थेच्या खर्चाने. त्यात बेनब्रिज बेटावरच्या दाट झाडीखाली भ्रंशाची पायरी उघडी पडली आणि चर खणल्यावर त्या जागी पूर्वी भूकंप होऊन गेल्याचे सिद्ध झाले. पाण्यासाठी खर्चलेल्या पैशात शहराला स्वतःचा धोका कळला. आपल्याकडेही कोयना-वारणा परिसरावर असे मापन झाले आहे.

कोकणात मात्र हे काम अवघड आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. येथील कातळाचे थर पश्चिमेकडे कललेले आहेत, पनवेलच्या बाजूने दक्षिणोत्तर त्यांचा मोठा बाक गेला आहे आणि पालीजवळ उन्हेऱ्याला गरम पाण्याचे झरे आहेत. पण खोल भेग असणे आणि ती जागी असणे या दोन भिन्न गोष्टी होत. धाटावखाली जागा भ्रंश आहे, असे म्हणण्यास आज आधार नाही. कोकणातला पाऊस पायऱ्या धुऊन नेतो आणि शेतकऱ्याचे भातखाचराचे बांध नकाशावर हुबेहूब भ्रंशासारखे दिसतात! म्हणजे नकाशावर काही दिसले तर तपासणी हवी आणि काही दिसले नाही तरी निर्धास्त होता येत नाही.

मग खर्च करावा कोणी? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे ओळखीची अडचण दिसते. मापनाचा लाभ साऱ्या खोऱ्याला, म्हणून कोणताही एक कारखाना ते करणार नाही. आणि हजार वर्षांनी येणाऱ्या हानीला नेहमीच्या दराने वटाव लावला की तिची आजची किंमत शून्य ठरते. हा हिशेब गणिताने बरोबर आणि व्यवहारात घातक आहे, कारण ती हजार वर्षे केव्हा भरतात हे आपल्याला ठाऊक नाही. शिवाय लाभ एकट्या भूकंपाचा धरण्याचे कारण नाही. २०२१ साली तळिये आणि २०२३ साली इर्शाळवाडी ही याच जिल्ह्यातील गावे दरडीखाली गेली. डोंगरउतारावरील जुन्या घसरणीच्या खुणा हेच मापन दाखवते, पुराची पातळीही त्यावरूनच आखता येते. एका खर्चात तीन कामे होत असतील, तर तो सार्वजनिक तिजोरीतूनच व्हावा आणि त्याचे नकाशे ग्रामपंचायतीपर्यंत खुले असावेत.

गावठाणांची मोजणी ड्रोनने करून सरकारने मालमत्तापत्रके वाटली. २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने २०३० पर्यंत साऱ्या देशाचा अचूक उंची-नकाशा करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. रायगडचा क्रम त्यात केव्हा लागणार, हे लोकप्रतिनिधींनी विचारावे. विमान उडवायला फेब्रुवारी-मार्च योग्य : तेव्हा भात कापलेले असते आणि सागाची पाने गळून जमीन वरून दिसू लागते.