पूल अकरा फूट आठ इंच, गाडी बारा फूट

मोटरहोमच्या, म्हणजे चालत्या घरासारख्या गाडीच्या, अपघाताची सर्वांत गाजलेली गोष्ट मुळात घडलेलीच नाही. ओक्लाहोमातल्या एका गृहस्थाने नवीकोरी मोटरहोम घेतली, हायवेला लागताच क्रूझ कंट्रोल लावला आणि तो कॉफी करायला उठून मागच्या स्वयंपाकघरात गेला. गाडी उलटली. त्याने उलट कंपनीवरच दावा ठोकला आणि साडेसतरा लाख डॉलर व वर एक नवी गाडी मिळवली, असा तो किस्सा. २००० सालानंतर तो ईमेलमधून जगभर फिरला. प्रत्यक्षात असा खटला कोणत्याही न्यायालयात चाललेला नाही. तरीही लोकांना तो खरा वाटतो, कारण इतकी अवजड गाडी आपटते ती चालवणारा मूर्ख किंवा अडाणी असल्यामुळेच, अशी आपली पक्की समजूत आहे. या समजुतीची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे: आपण मूर्ख नाही, वीस वर्षे गाडी चालवतो आहोत, तेव्हा आपल्याला काही होणार नाही. अनोळखी मुलखातले मोटरहोमचे बहुतेक अपघात हाताच्या सफाईशी संबंधित नसतात. ते मापांचे अपघात असतात, आणि गाडी सुरू होण्याआधीच त्यांची तयारी झालेली असते.

याचा ढळढळीत पुरावा अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहम शहरात उभा आहे. तिथल्या ग्रेगसन स्ट्रीटवरच्या रेल्वेपुलाखाली कित्येक दशके ११ फूट ८ इंच एवढीच मोकळी जागा होती. भाड्याचे ट्रक आणि मोटरहोम त्याखाली येत आणि छप्पर सोलून घेत. मोटरहोमचा वातानुकूलन यंत्राचा डबा तर छपरावरच असतो, तो सगळ्यात आधी जाई. २००८ पासून एका कॅमेऱ्याने टिपलेल्या अशा धडकांची संख्या शंभराच्या वर गेली. आता कुणी म्हणेल, पाटी नसेल. पाट्या होत्या, पिवळे दिवे होते. पुढे २०१६ मध्ये उंच गाडी ओळखून सिग्नल लाल करणारी आणि ‘गाडी उंच आहे, वळा’ असे सांगणारी पाटी उजळवणारी यंत्रणाही बसवली. धडका चालूच राहिल्या. शेवटी २०१९ मध्ये पूलच आठ इंच वर उचलून उंची १२ फूट ४ इंच केली, आणि त्यानंतरही गाड्या अडकल्या. एवढे सगळे चालक आंधळे नव्हते. पुलाची उंची त्यांच्या डोळ्यांसमोर लिहिलेली होती. आपल्या गाडीची उंची मात्र त्यांना ठाऊक नव्हती. वजाबाकीतली एकच संख्या हाती असेल तर उत्तर येणार कुठून? भारतातून गेलेल्या माणसासाठी त्यात आणखी एक गाठ आहे. आपण रस्त्याचा विचार मीटरमध्ये करतो, अमेरिकेतली पाटी फूट-इंचांत बोलते, आणि सीमा ओलांडून कॅनडात शिरले की पुन्हा मीटर.

‘पण आता नेव्हिगेशन आहे ना?’ हा दुसरा भ्रम. फोनवरचे नेहमीचे नकाशा-ॲप तुम्हाला मोटारीतला माणूस समजते. ते जवळचा आणि वेळ वाचवणारा रस्ता काढते, गाडीची उंची विचारत नाही. मोठ्या गाडीची मापे भरून घेणारी वेगळी उपकरणे आणि ॲप बाजारात आहेत, पण मापे भरायची तुम्हालाच. बॉस्टनच्या स्टॉरो ड्राइव्हवर पूल जेमतेम दहा फुटांचे आहेत आणि उंच गाड्यांना तिथे बंदी आहे. तरी दर वर्षी १ सप्टेंबरच्या सुमारास, घरे बदलण्याच्या हंगामात, भाड्याचे ट्रक त्या पुलांखाली अडकतात. शहरात या प्रकाराला स्वतंत्र क्रियापदच रूढ झाले आहे.

राष्ट्रीय उद्यानांत हा हिशेब आणखी काटेकोर होतो. अमेरिकेतल्या कित्येक मराठी कुटुंबांची आरव्हीची, म्हणजे मोटरहोमची, हौस नेमकी तिथेच घेऊन जाते. तिथले रस्ते मोटारींच्या पहिल्या पिढीसाठी बांधलेले आहेत. यूटामधल्या झायन उद्यानातला माउंट कार्मेल बोगदा १९३० मध्ये पूर्ण झाला. तो साधारण पावणेदोन किलोमीटर लांब आहे आणि त्याचे छत कमानीसारखे आहे. कमानीत उंची मध्यभागी असते, कडेला नसते. त्यामुळे आपल्या लेनमधून नीट, नियमाने जाणारी उंच गाडीच भिंतीला घासते. तिला मधोमध जाणे भाग पडते. म्हणून ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद गाडीसाठी समोरची वाहतूक थांबवून बोगदा एकेरी करावा लागे आणि त्याचे वेगळे शुल्क पडे. २०२६ च्या मध्यापासून अशा गाड्यांना त्या रस्त्यावर येऊच द्यायचे नाही, असा निर्णय उद्यान प्रशासनाने घेतला. मोंटानातल्या ग्लेशियर उद्यानात ‘गोइंग-टू-द-सन’ रस्त्याच्या डोंगरी टप्प्यात २१ फुटांहून लांब, १० फुटांहून उंच किंवा आरशांसकट ८ फुटांहून रुंद वाहन चालत नाही. बसच्या सांगाड्यावर बांधलेली मोटरहोम तीस ते चाळीस फूट लांब, बारा-तेरा फूट उंच आणि आरसे सोडून साडेआठ फूट रुंद असते. म्हणजे तिन्ही अटींत ती नापास. चालक कितीही कसलेला असला तरी कड्यातून बाहेर आलेला खडक मागे सरत नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. टूरच्या बस याहून मोठ्या असतात आणि रोज डोंगरात जातात. मग प्रश्न कौशल्याचाच झाला की नाही? कौशल्य लागतेच. मागच्या चाकांच्या पुढे-मागे काय घडते ते एकदा समजून घ्यावे लागते. वळताना मागची चाके पुढच्यांच्या आतून जातात, म्हणून कोपऱ्यावरचा खांब घासतो. उलट चाकांच्या मागे लोंबणारे दहा-बारा फूट अंग वळणाच्या विरुद्ध दिशेला बाहेर फेकले जाते. दर तीन फुटांना साधारण एक फूट, असा तिथल्या चालकांचा ठोकताळा आहे. इंधन भरून झाल्यावर निघतानिघताच स्टिअरिंग वळवणाऱ्याची शेपटी पंपाच्या खांबाला लागते ती यामुळे. पण हे गणित एका रिकाम्या पार्किंगमध्ये तासाभरात शिकता येते. बसचालकाचा खरा फायदा वेगळाच आहे: त्याचा मार्ग ठरलेला असतो, तो कंपनीने आधी तपासलेला असतो आणि त्याने तो पन्नासदा पाहिलेला असतो. भाड्याच्या मोटरहोममधला कुटुंबप्रमुख पहिल्यांदाच ती गाडी चालवतो आणि पहिल्यांदाच तो रस्ता पाहतो. खाजगी वापरासाठी अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत त्याला मोटारीच्या लायसन्सपेक्षा जास्त काही लागतही नाही. कायद्याने परवानगी दिली, म्हणजे गाडी मोटारीसारखीच वागेल, असे मानणे भोळेपणाचे.

उताराबद्दलचा गैरसमज सर्वांत महाग पडतो. चढ अवघड, उतार सोपा, असे इंजिनाच्या आवाजावरून वाटते. योसेमिटी उद्यानातून टायोगा पास ओलांडून पूर्वेला ली व्हायनिंगकडे उतरताना वीसेक किलोमीटरच्या आत रस्ता सुमारे ९०० मीटर खाली येतो. दहा टनांची गाडी तेवढी खाली आणताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती अडीचशे लिटर पाणी उकळायला पुरेल. सगळी ब्रेकवर टाकली तर ते तापतात, त्यांची पकड सुटत जाते, आणि पेडल पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही. सतत हलका ब्रेक दाबून ठेवणे ‘जपून चालवणे’ वाटते, पण ब्रेक तापवण्याची ती हमखास रीत आहे. आपल्या घाटांतले जुने ड्रायव्हर सांगत, ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा. ऑटोमॅटिक गिअर असलेल्या मोटरहोममध्येही हेच करायचे: उतार सुरू होण्याआधी खालच्या गिअरमध्ये यायचे, भार इंजिनावर टाकायचा आणि ब्रेक अधूनमधून पण ठामपणे दाबून सोडायचा.

सरळ, रुंद हायवे तरी निर्धास्त? वायोमिंगमधला आय-८० हा रस्ता तसाच आहे, आणि वारा सुटला की उंच पण हलक्या गाड्यांना तो बंद केला जातो. दहा मीटर लांब आणि तीन मीटर उंच बाजूवर ताशी ९० किलोमीटरचा आडवा वारा एक टनाहून जास्त जोर लावतो. दिसायला अवजड असलेली ही गाडी वाऱ्याच्या दृष्टीने पोकळ खोकेच.

एवढे मोजून-मापून जायचे तर मनसोक्त भटकण्यात उरले काय, असेही विचारले जाते. उरते बरेच. आंतरराज्य हायवेंवर ग्रामीण भागात पुलांखाली किमान सोळा फूट उंची ठेवण्याचा दंडक आहे; तिथे मोटरहोमला मुक्तद्वार असते. झायन आणि ग्लेशियरमध्ये उद्यानाच्या शटल बस आहेत, तेव्हा गाडी तळावर उभी करून कडे पाहता येतात, आणि चालवणाऱ्यालाही ते दिसतात. ‘विमा आहे, काय व्हायचे ते होवो’ हा युक्तिवाद मात्र टिकत नाही. मोटरहोम भाड्याने देणाऱ्या कंपन्यांच्या करारांत छपराचे आणि गाडीच्या तळाचे नुकसान बऱ्याचदा विम्यातून वगळलेले असते, कच्च्या रस्त्यांना मनाई असते, आणि काही कंपन्या उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत गाडी नेऊ देत नाहीत. अमेरिकेतल्या तुमच्या मुलांनी पुढच्या सुटीसाठी आरव्ही बुक केली असेल, तर छपरावरच्या यंत्रासकट उंची आणि मागच्या शिडीसकट लांबी कंपनीकडून लिहून घ्यायला सांगा, ती फूट आणि मीटर दोन्हींत चालकासमोर चिकटवायला सांगा, आणि सही करण्याआधी करारातली वगळलेल्या गोष्टींची यादी वाचायला सांगा.