‘रजा मंजूर’ की अपिलाची परवानगी? यंत्राला भाषा कळते म्हणजे नेमके काय होते

नवी दिल्ली : सर्वोच्च न्यायालयाच्या इंग्रजी निकालांच्या आरंभी अनेकदा दोनच शब्दांचे वाक्य असते : ‘लीव्ह ग्रँटेड’. अपील दाखल करून घेण्यास परवानगी दिली, असा त्याचा अर्थ. मात्र ‘लीव्ह’ या शब्दाचा सर्वांच्या परिचयाचा अर्थ रजा असा आहे. तोच धरला, तर या वाक्याचा मराठी अनुवाद ‘रजा मंजूर’ असा होईल. वकिलाला येथे क्षणभरही शंका येत नाही. यंत्राला मात्र हा भेद आपोआप कळत नाही.

हा प्रश्न आता केवळ अभ्यासकांपुरता उरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘सुवास’ ही निकालांच्या अनुवादाची संगणकीय प्रणाली सुरू केली. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ या भारतीय भाषांसाठीच्या व्यासपीठाचा प्रारंभ झाला. मराठी नागरिकाच्या हाती पडणारा निकाल, अर्ज वा योजनेची माहिती आता यंत्राच्या हाताखालून गेलेली असू शकते. त्यामुळे यंत्र भाषा कशी हाताळते, हे जाणून घेणे अगत्याचे ठरते.

यंत्राला भाषा शिकवण्याची पहिली रीत व्याकरणाची होती. ७ जानेवारी १९५४ रोजी न्यूयॉर्क येथे जॉर्जटाऊन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी साठहून अधिक रशियन वाक्यांचा इंग्रजी अनुवाद संगणकाकडून करून दाखवला. त्यामागे सुमारे २५० शब्दांचा कोश आणि अवघे सहा नियम होते. काही वर्षांत हा प्रश्न सुटेल, असा विश्वास तेव्हा व्यक्त झाला. प्रत्यक्षात १९६६ मध्ये अमेरिकी तज्ज्ञ समितीने यांत्रिक अनुवाद माणसाच्या अनुवादापेक्षा महाग आणि कमी अचूक असल्याचा निष्कर्ष काढला आणि संशोधनाचा निधी आटला.

नियम अपुरे पडले, कारण शब्दाचा अर्थ एकट्या शब्दात नसतो. ‘त्यांना मान दिला’ आणि ‘त्यांची मान दुखावली’ या वाक्यांत ‘मान’ एकच दिसतो. अर्थ आजूबाजूचे शब्द ठरवतात. २०१७ मध्ये गुगलच्या संशोधकांनी मांडलेली ‘ट्रान्सफॉर्मर’ ही रचना याच तत्त्वावर उभी आहे. वाक्यातील प्रत्येक शब्दाचा इतर शब्दांशी किती संबंध आहे, याचे गणित ती मांडते. आजची मोठी भाषिक मॉडेल अफाट मजकूर वाचून पुढचा शब्दखंड कोणता असेल, याचा अंदाज करण्यास शिकतात. या शब्दखंडांना ‘टोकन’ म्हणतात.

मराठीची अडचण येथूनच सुरू होते. ‘घरासमोरच्या’ या एका शब्दात ‘घर’चे सामान्यरूप, ‘समोर’ हे शब्दयोगी अव्यय आणि ‘च्या’ हा प्रत्यय सामावलेला आहे. शब्दखंडांची यादी प्रामुख्याने इंग्रजी मजकुरावरून तयार झाली असेल, तर अशा शब्दाचे अनेक तुकडे पडतात. शिवाय संगणकाच्या प्रचलित संकेतपद्धतीत इंग्रजीच्या एका अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. परिणामी त्याच आशयासाठी मराठीत अधिक गणन करावे लागते आणि खर्चही वाढतो.

दुसरी अडचण समान लिपीची आहे. ‘शिक्षा’ म्हणजे हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. ‘चेष्टा’ म्हणजे हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. ज्या यंत्राने हिंदी भरपूर आणि मराठी तुलनेने थोडी वाचली आहे, त्याचा कल हिंदी अर्थाकडे झुकण्याचा धोका राहतो. न्यायालयीन कागदात ‘शिक्षे’चा असा घोटाळा परवडणारा नाही.

माणसाचा मेंदूही अंदाज बांधतच भाषा समजून घेतो. अमेरिकेत १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांच्या प्रयोगात, वाक्यात विसंगत शब्द येताच सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूतील विद्युतलहरींत विशिष्ट बदल दिसला. तेथेच १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात, आठ महिन्यांची बालके केवळ दोन मिनिटे अखंड उच्चार ऐकून अक्षरांच्या क्रमावरून शब्दांच्या सीमा ओळखू लागल्याचे आढळले.

भेद आहे तो अनुभवाचा. मूल ‘गरम’ हा शब्द ऐकते, तेव्हा समोर वाफाळते भांडे असते आणि आईने चटकन मागे ओढलेला हात असतो. म्हणूनच बालपणात कानी पडणारे काही कोटी शब्द त्याला पुरतात. मोठ्या मॉडेलला मात्र लाखो कोटी शब्दखंड पुरवावे लागतात. आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. ‘सासूने सुनेला सांगितले, की ती उद्या जाणार आहे’ या वाक्यात जाणार कोण, हे न कळल्यास माणूस विचारतो. यंत्र बहुधा न विचारता एक अर्थ निवडते आणि चुकीचे वाक्यही तितक्याच सफाईने लिहिते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात मराठी मातृभाषा असलेले सुमारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत. तथापि, यंत्राची मराठी सुधारते ती बोलणाऱ्यांच्या संख्येने नव्हे, तर त्याला उपलब्ध होणाऱ्या शुद्ध व विविध मजकुराने. ‘भाषिणी’अंतर्गत ‘भाषादान’ उपक्रमात नागरिकांना आवाज व मजकूर देण्याची, तसेच इतरांनी दिलेला मजकूर तपासण्याची सोय आहे, ती याचसाठी.

तोवर अंतिम भिस्त माणसावरच राहते. सर्वोच्च न्यायालयाच्या अनुवादित निकालांवर, ही प्रत पक्षकाराला आशय समजावा यापुरतीच असून अधिकृत कामासाठी इंग्रजी प्रतच ग्राह्य धरावी, अशी सूचना असते. यंत्राने केलेला कोणताही अनुवाद हाती आल्यास तारखा, रकमा, नकारार्थी वाक्ये आणि पारिभाषिक शब्द मूळ प्रतीशी ताडून पाहणे आणि शंका आल्यास जाणकाराला विचारणे हिताचे आहे.