विश्लेषण : शिवाजी पार्कला नकोसा, ओव्हलला हवासा... वारसा दर्जावरून मुंबईकरांतच दोन तट का?

ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारती जागतिक वारसा यादीत याव्यात, यासाठी तिथल्या रहिवाशांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये त्यांना यश आले. त्याच शहरात २०१२ मध्ये शिवाजी पार्कचे रहिवासी मात्र ‘आमचा परिसर वारसा यादीत नको’ म्हणून रस्त्यावर उतरले होते. एकाच शहरातील रहिवाशांच्या भूमिकांत इतका फरक कशामुळे? जुन्या इमारती वाचवण्यात नेमकी अडचण कुठे आहे?

वारसा नियमावली केव्हा आली?

पुरातत्त्व कायद्यांचा भर किल्ले, लेणी, मंदिरे अशा स्मारकांवर होता. लोक राहतात, कार्यालये चालतात अशा जुन्या इमारतींना त्यांचे संरक्षण जवळजवळ नव्हते. मुंबईत ही उणीव भरून काढण्यासाठी बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुप, ‘इन्टॅक’ यांसारख्या संस्था आणि जागरूक नागरिकांनी पाठपुरावा केला. त्यातून १९९५ मध्ये वारसा नियमावली अधिसूचित झाली. देशातील कोणत्याही शहरासाठीची ही पहिली नियमावली. वारसा इमारतींविषयी महापालिकेला सल्ला देण्यासाठी मुंबई वारसा संवर्धन समितीही नेमण्यात आली.

श्रेणींचा अर्थ काय?

यादीतील इमारतींच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीतील इमारतीत आत-बाहेर कोणताही बदल सहसा चालत नाही. दुसऱ्या श्रेणीचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग असून त्यात आतील बदल किंवा आवारातील मर्यादित बांधकाम समितीच्या संमतीने करता येते. तिसरी श्रेणी सर्वात सैल आहे. इथे एकट्या इमारतीपेक्षा परिसराची ठेवण, उंची, रस्त्याचा चेहरामोहरा राखण्यावर भर असतो. पुनर्विकासाला थेट बंदी नसते, पण परवानगीची एक पायरी वाढते आणि उंचीवर मर्यादा येऊ शकते. बहुतेक वाद याच श्रेणीवरून होतात.

ओव्हलच्या रहिवाशांनी काय साधले?

१९९० च्या दशकात ओव्हल मैदान दुरवस्थेत होते. रहिवासी संघटनेने न्यायालयात लढा दिला आणि पुढे मैदानाच्या देखभालीची जबाबदारीही घेतली. शेजारच्या काळा घोडा भागात १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली. १९९९ पासून भरणाऱ्या कला महोत्सवाच्या उत्पन्नातून परिसरात जतनाची कामे होऊ लागली. मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर या व्हिक्टोरियन गॉथिक वास्तू, तर पश्चिमेला १९३० च्या दशकातील आर्ट डेको इमारती. या दोन्हींना मिळून ३० जून २०१८ रोजी युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. घारापुरी आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस यांच्यानंतरचे हे मुंबईतील तिसरे स्थळ. प्रस्तावामागे सरकारइतकाच रहिवासी संघटनांचा जोर होता. त्यात त्यांचा थेट फायदाही होता. इथली घरे प्रशस्त, रहिवासी सुस्थितीतले. समोरचे मैदान मोकळे राहणे आणि शेजारी टॉवर न येणे यातच त्यांच्या घराचे मोल होते.

मग शिवाजी पार्कचा विरोध कशासाठी?

महापालिकेने २०१२ मध्ये यादीत ९०० हून अधिक इमारती आणि परिसरांची भर घालण्याचा प्रस्ताव मांडला. त्यात शिवाजी पार्क परिसर तिसऱ्या श्रेणीत होता. १९२५ मध्ये खुल्या झालेल्या या मैदानाभोवती प्रामुख्याने दोन-तीन मजली इमारती उभ्या राहिल्या. त्यांपैकी अनेकांना उद्वाहन नाही, वाहनतळ नाही, दुरुस्तीचा खर्च मात्र दरवर्षी वाढता. घरातली ज्येष्ठ मंडळी जिना चढून थकलेली. पुनर्विकास हाच त्यांना यातून सुटण्याचा मार्ग दिसत होता. वारसा दर्जा मिळाल्यास विकासक पाठ फिरवतील, अशी भीती पसरली. राजकीय पक्षही विरोधात उतरले. परिसराविषयी प्रेम नव्हते असे नाही. पण जतनाचा भार आपल्या एकट्याच्या खिशावर पडणार, हे रहिवाशांनी ओळखले होते.

खर्चाचे गणित कुठे अडते?

मुंबईच्या जुन्या भागातील असंख्य इमारती भाडेकरूंच्या आहेत. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली, पण मूळ भाडेच नगण्य. त्यामुळे मालकाला दुरुस्ती परवडत नाही आणि घर स्वतःचे नसल्याने भाडेकरूही मोठा खर्च करत नाही. दुसरीकडे उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास झाल्यास भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे मालकी घर मोफत मिळते आणि विकासकाला वाढीव चटईक्षेत्र. म्हणजे इमारत पाडण्यात सर्वांचा लाभ, राखण्यात कोणाचाच नाही.

केवळ यादीत नाव असून भागत नाही, हे काळा घोड्याजवळच्या एस्प्लनेड मॅन्शनने दाखवून दिले. १८६० च्या दशकात ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभारलेले हे पूर्वीचे वॉटसन हॉटेल. देशातील पहिला चित्रपट-खेळ ७ जुलै १८९६ रोजी इथेच झाला. ‘दुसरी अ’ श्रेणी असूनही २००५ मध्ये इमारतीचा काही भाग कोसळला आणि २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली. इथे इमारत मोडकळीला आली ती बुलडोझरमुळे नव्हे, तर दुर्लक्षामुळे.

खोताच्या वाडीपुढे कोणता पेच आहे?

गिरगावातील या वाडीत लाकडी सज्जे, उतरती कौले आणि बाहेरून चढणारे जिने असलेली घरे आहेत. दादोबा वामन खोत यांनी इथली जमीन ईस्ट इंडियन कुटुंबांना दिली, त्यावरून वाडीचे नाव पडले. एकेकाळच्या सुमारे ६५ घरांपैकी आज ३० हून कमी उरली आहेत. रहिवाशांनी टॉवरला विरोध केला, वाडीचे उत्सव भरवले, पाहुण्यांना गल्ल्या दाखवल्या. पण घराचे वारस अनेक झाले, काही परदेशी गेले आणि जमिनीचा भाव वाढत राहिला, की विक्रीचा मोह आवरणे कठीण जाते. एक घर गेले, की शेजारच्या घरांचा उजेड आणि एकांतही जातो.

उपाय काय असू शकतात?

एक उपाय नियमावलीतच आहे. वारसा दर्जामुळे जे बांधकाम हक्क गमवावे लागतात, त्यांच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क म्हणजे ‘टीडीआर’ देण्याची तरतूद आहे. ते विकून दुरुस्तीसाठी पैसा उभा राहू शकतो. मात्र ती प्रक्रिया सामान्य घरमालकाला झेपेल इतकी सोपी आणि जलद हवी. मालमत्ता करात सवलत, दुरुस्तीसाठी स्वस्त कर्ज, जुन्या जिन्यांच्या इमारतींना उद्वाहन बसवण्याची झटपट परवानगी, अशा गोष्टी रहिवाशांच्या दृष्टीने वारसा फलकापेक्षा महत्त्वाच्या ठरतील. यादी जाहीर करण्याआधी रहिवाशांशी बोलणेही तितकेच गरजेचे, हा २०१२ चा धडा आहे. अन्यथा जिथे रहिवाशांना परवडते तिथेच वारसा टिकेल आणि खोताच्या वाडीसारख्या वस्त्यांमधील एकेक घर कमी होत राहील.