काउन्सेलिंग चांगलं झालं, हे ठरवायचं कुणी?

बारामती तालुक्यातल्या कन्हेरीचं नाव वर्तमानपत्रांत येतं ते निवडणुकीच्या हंगामात, तिथल्या मारुतीच्या देवळात पवारांच्या प्रचाराचा नारळ फुटतो तेव्हा. बाकी गाव या पट्ट्यातल्या इतर गावांसारखंच. मामाची मुलगी करून घेण्याची रीत या भागाला नवी नाही. अशा घरातलं एखादं जोडपं तपासणीत दोघंही ‘थॅलेसेमिया मायनर’ (या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक) निघालं, की चिठ्ठीवर ‘जेनेटिक काउन्सेलिंग’ असं लिहून येतं. मग शंभरेक किलोमीटरवरचं पुणं गाठायचं, तासभर ऐकायचं आणि परत यायचं. या तासाचा उपयोग झाला की नाही, ते कसं ओळखायचं? याबद्दल रुग्णांचे आणि डॉक्टरांचेही काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज : डॉक्टर छान बोलले, म्हणजे काउन्सेलिंग चांगलं झालं.

वस्तुस्थिती : समाधान आणि परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘समाधानी आहात का?’ असं विचारलं की बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. आपल्याकडे तर मोठ्या डॉक्टरांना नाही म्हणणं हाच उद्धटपणा ठरतो. म्हणून ब्रिटनमध्ये मॅरियन मॅकअ‍ॅलिस्टर आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये 24 विधानांची एक प्रश्नावली तयार केली : जीकॉस-24. प्रत्येक विधानाला 1 ते 7 गुण, एकूण 24 ते 168. ती काउन्सेलिंगच्या आधी आणि नंतर, अशी दोनदा भरून घेतात. आजार कळला का, निर्णय आपल्या हातात आहे असं वाटतं का, मदत कुठे मिळेल हे माहीत आहे का, मनावरचं ओझं हलकं झालं का, पुढची आशा वाटते का, हे त्यात तपासलं जातं. गुण किती वाढले, हे खरं माप.

गैरसमज : मान डोलावली म्हणजे समजलं.

वस्तुस्थिती : दोघंही मायनर असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर (या आजाराचं गंभीर रूप) होण्याची शक्यता 25 टक्के असते. समुपदेशक कागदावर चौकोन आणि गोल काढतो, अर्धे रंगवतो, ‘चारांत एक’ असं सांगतो आणि विचारतो, ‘कळलं का?’ ‘कळलं.’ बाहेर आल्यावर मात्र हिशेब होतो : पहिलं बाळ आजारी निघालं, आता पुढची तीन सुखरूप! हे साफ चूक. प्रत्येक खेपेला शक्यता तितकीच राहते. म्हणून जाणता समुपदेशक ‘कळलं का?’ यावर थांबत नाही. ‘घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगाल, ते मला सांगा बरं,’ असं तो म्हणतो. उत्तर चुकलं तर चूक सांगणाऱ्याची, ऐकणाऱ्याची नव्हे.

आकडा कसा सांगितला, यानेही फरक पडतो. मामेबहिणीशी लग्न केलं तर बाळात जन्मजात दोष असण्याचा धोका ‘दुप्पट’, एवढंच ऐकलं तर धडकीच भरेल. एरवी हा धोका 2 ते 3 टक्के असतो, इथे साधारण 4 ते 6 टक्के, हे दोन्ही आकडे सांगितले तर चित्र नीट दिसतं.

गैरसमज : काय करायचं ते डॉक्टरांनी सांगायचं.

वस्तुस्थिती : माहिती समुपदेशकाची, निर्णय कुटुंबाचा. गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या 1994 च्या कायद्यातच गर्भजल तपासणीसारख्या चाचण्यांसाठी एक अट आहे. चाचणीचे दुष्परिणाम आधी समजावून सांगायचे, गरोदर बाईला समजेल अशा भाषेत तिची लेखी संमती घ्यायची आणि त्या संमतीची प्रत तिला द्यायची. इंग्रजी फॉर्मवर ‘इथे सही करा’ म्हणणं यात बसत नाही.

गैरसमज : आजारी मूल जन्मलं नाही, म्हणजे काउन्सेलिंग यशस्वी.

वस्तुस्थिती : तितकीच माहिती मिळालेली दोन जोडपी उलट निर्णय घेऊ शकतात आणि दोघांचंही काउन्सेलिंग उत्तम झालेलं असू शकतं. तपासणीनंतर निकालाची किती कार्डं वाटली, यावरूनही दर्जा ठरत नाही. थॅलेसेमियासारख्याच आनुवंशिक असलेल्या सिकलसेलचं उदाहरण घ्या. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात 7 कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. वाटलेली कार्डं मोजता येतात. हातातल्या कार्डाचा अर्थ किती जणांना कळला, हे वेगळं मोजावं लागतं.

गैरसमज : दोष सुनेच्या माहेरचा.

वस्तुस्थिती : थॅलेसेमिया मेजर किंवा सिकलसेल आजार होण्यासाठी सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून यावं लागतं. जीकॉसमध्ये अपराधीपणाबद्दल मुद्दाम विचारलं जातं. बाई काउन्सेलिंगहून मान खाली घालून परतली, तर ते काउन्सेलिंग नापास.

गैरसमज : परदेशी प्रश्नावली मराठीत आणली की झालं.

वस्तुस्थिती : ‘निर्णय माझा आहे’ या विधानाला पुण्यातली नोकरदार बाई देईल ते उत्तर एकत्र कुटुंबातली सून देईलच असं नाही. सात पायऱ्यांचं माप अनेकांना अवघड जातं. आणि सासू शेजारी बसलेली असताना किंवा समुपदेशकच प्रश्न विचारत असताना खरं उत्तर येणार नाही. प्रश्न आपल्या बोलीत हवेत, तोंडी विचारलेले, तिऱ्हाईत माणसाने आणि एकांतात.

असं मोजमाप प्रत्येक रुग्णालयात सुरू होईल तेव्हा होईल. तोवर खोलीतून उठण्याआधी एवढं स्वतःला विचारा : आजार काय आहे, हे मला चार वाक्यांत सांगता येईल का? माझ्यापुढचे सगळे पर्याय आणि त्यांच्या मुदती कळल्या का? कुणी दबाव तर आणला नाही ना? भाऊ-बहिणींपैकी कुणी तपासणी करून घ्यायची, ते कळलं का? पुन्हा अडलं तर फोन कुणाला करायचा? यातल्या एकाही प्रश्नावर अडखळलात, तर संकोच न करता पुन्हा विचारा. समजेपर्यंत विचारणं हा तुमचा हक्क आहे.