प्रतीक्षेचा चढ : क्रीडोद्यानातील खेळांच्या क्रमाविषयी

कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे डिस्नेलँड हे उद्यान जुलै १९५५ मध्ये उघडले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून तेथे तिकिटांच्या पुस्तिका विकल्या जाऊ लागल्या. प्रत्येक खेळासाठी पुस्तिकेतील विशिष्ट वर्गाचे तिकीट फाडून द्यावे लागे. अगदी साध्या खेळास 'ए' वर्गाचे, तर १९५९ पासून सर्वांत आकर्षक खेळांस 'ई' वर्गाचे. १९८२ मध्ये ही पद्धत बंद झाली आणि एका प्रवेशमूल्यात सारे खेळ खुले झाले. वरवर पाहता खेळ विनामूल्य झाले. वस्तुतः किंमत नाहीशी झाली नाही, केवळ तिचे चलन बदलले. पूर्वी जी किंमत तिकिटाच्या वर्गाने ठरत असे, ती आता रांगेतील मिनिटांनी ठरू लागली. दूरचा प्रवास करून, वर्षाची शिल्लक खर्चून एका दिवसासाठी आलेल्या कुटुंबास ही मिनिटे कोठे व किती वेचावीत हा प्रश्न क्षुल्लक वाटत नाही. 'कोणता खेळ आधी?' या साध्या दिसणाऱ्या पृच्छेचा उगम येथे आहे.

गणिताच्या दृष्टीने हा प्रश्न 'फिरत्या विक्रेत्या'च्या प्रसिद्ध प्रश्नाचा जवळचा नातलग आहे. बारा खेळ पाहावयाचे ठरविले, तर त्यांचे संभाव्य क्रम ४७,९०,०१,६०० इतके होतात. मात्र विक्रेत्याच्या प्रश्नात दोन गावांमधील अंतर सकाळी व दुपारी तेच राहते. येथे तसे नाही. एकाच खेळाची किंमत नऊ वाजता पाच मिनिटे, तर अकरा वाजता पन्नास मिनिटे असू शकते. म्हणून नकाशावरील अंतरे जुळवून आखलेला मार्ग बहुधा फसतो. प्रवेशद्वारापाशी जो खेळ प्रथम दिसेल त्यात शिरणारे लोक नकळत हीच चूक करीत असतात.

या चुकीची दुसरी बाजू अशी, की पुष्कळजण लोकप्रियतेलाच रांगेचे माप समजतात. रांग ही लोकप्रियतेचा आरसा नाही. आगमनाचा वेग आणि सेवाक्षमता यांतील तफावत कालांतराने साठत जाते. त्या साठ्याचे नाव रांग. फ्लोरिडातील मॅजिक किंग्डम या १९७१ साली उघडलेल्या उद्यानात या भेदाचे बोलके उदाहरण आढळते. तेथे हाँटेड मॅन्शन आणि पीटर पॅन्स फ्लाइट हे दोन खेळ एकमेकांपासून काही मिनिटांच्या चालीवर आहेत. पहिल्यात बैठकांची अखंड साखळी फिरत असते. ताशी दोन हजारांहून अधिक माणसे त्यातून जाऊ शकतात. दुसऱ्यात वरच्या रुळास टांगलेल्या छोट्या नौका असून एका नौकेत दोन-तीन माणसे मावतात. त्याची क्षमता पहिल्याच्या निम्म्याच्या आसपास आहे. स्वतः फेरी जेमतेम तीन मिनिटांची. पण तिच्यासाठी तासभर तिष्ठणारी माणसे तेथे नेहमी दिसतात.

सोयीचे आकडे गृहीत धरून हाच मुद्दा स्पष्ट करता येईल. 'क' या खेळाची क्षमता ताशी १००० आणि 'ख' या खेळाची २४०० आहे असे माना. पहिल्या तासात 'क' कडे १६०० व 'ख' कडे २६०० माणसे सारख्या गतीने येतात. लोकप्रियतेत 'ख' वरचढ आहे. तथापि तासाअखेर 'क' पुढे ६०० माणसे उरतात व शेवटच्या माणसाची प्रतीक्षा ३६ मिनिटांची होते. 'ख' पुढे २०० उरतात व प्रतीक्षा अवघी ५ मिनिटांची. म्हणजे घड्याळ एक मिनिट पुढे सरकले की 'क' ची प्रतीक्षा ३६ सेकंदांनी आणि 'ख' ची ५ सेकंदांनी वाढते. या वाढीच्या वेगास 'प्रतीक्षेचा चढ' म्हणता येईल. चालणे व फेरी धरून प्रत्येक खेळास २० मिनिटे लागतात असे समजून उद्यान उघडताच प्रथम 'क' कडे गेल्यास पुढे 'ख' साठी १ मिनिट ४० सेकंद थांबावे लागेल. उलट क्रमाने गेल्यास 'क' साठी १२ मिनिटे जातील. या क्षणी रांग कोठे लांब आहे, हा प्रश्न दुय्यम ठरतो. कोणता खेळ पुढे ढकलणे अधिक महाग पडेल, हे पाहावयाचे असते. नियोजनाचे सारे मर्म या एका भेदात आहे.

रांगेचा आणखी एक गुणधर्म येथे उपयोगी पडतो. आधी येईल त्यास आधी जागा हा नियम पाळला जात असेल, तर उशिरा रांगेत शिरलेला माणूस आपल्या आधीच्या माणसापूर्वी आत जाऊ शकत नाही. म्हणून प्रतीक्षा घड्याळाच्या गतीपेक्षा अधिक वेगाने कधीही घटत नाही, आणि लवकर पोहोचणाऱ्याचे अंतिमतः नुकसान होत नाही. १९६२ मध्ये बेलमन यांनी, तसेच हेल्ड व कार्प यांनी विक्रेत्याच्या प्रश्नासाठी टप्प्याटप्प्याने उत्तर बांधीत जाण्याची जी रीत मांडली, ती याच गुणधर्मामुळे बदलत्या प्रतीक्षाकालांसही लागू करता येते. कोणकोणते खेळ झाले व शेवटचा कोणता, एवढे ठाऊक असले की त्या स्थितीस लवकरात लवकर पोहोचण्याची वेळ तेवढी जपावयाची. बाकीचे क्रम टाकून देता येतात. बारा खेळांसाठी ही तुलना सुमारे सहा लाखांवर येते. गणकयंत्रास हे काम क्षणाचे आहे. अडचण गणनेत नसून पुढील प्रतीक्षांचा अंदाज करण्यात आहे.

तो अंदाज ज्या मोजमापावर उभा राहतो, तेही पाहण्यासारखे आहे. डिस्नेच्या उद्यानांत रांगेच्या तोंडाशी अधूनमधून एखाद्या पाहुण्याच्या हाती तांबडे पत्ते देत. तो ते बैठकीपाशी परत करी आणि दोन्ही वेळांतील अंतर म्हणजे प्रतीक्षा. हे माप प्रामाणिक आहे, परंतु ते भूतकाळाचे आहे. आत्ता पत्ता परत करणारा माणूस अर्ध्या तासापूर्वीच्या रांगेची साक्ष देत असतो. सकाळी, रांग वाढत असताना, ही साक्ष कमी बोलते. सायंकाळी ओसरताना अधिक. फलकावरील आकडा पाहून धावणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

आतापर्यंतचा विचार एका कुटुंबाचा झाला. हीच योजना सर्वांनी अंगीकारली तर काय होईल? 'क' ची आसने पहिल्या मिनिटापासून भरलेली आहेत; तेथे एकाने आधी जाणे म्हणजे दुसऱ्याने नंतर जाणे. चतुर नियोजकाने वाचविलेली बारा मिनिटे मोठ्या अंशी कोणा अनभिज्ञाच्या पदरी पडलेली असतात. खरी बचत होते ती अन्यत्र, जेथे आसने रिकामी फिरत असतात तेथे. सकाळी उद्यानाच्या दूरच्या कोपऱ्यातील मोठ्या क्षमतेचा खेळ अर्धा रिकामा चालू असेल, तर त्यात बसणारा माणूस कोणाचेही काही न घेता दुपारच्या रांगेतून स्वतःस वजा करतो. रिकामे गेलेले आसन साठवून ठेवता येत नाही. या दृष्टीने, दूरच्या कोपऱ्याकडे आधी वळणाऱ्या आणि गणितात कच्च्या ठरणाऱ्या पाहुण्याचे सर्वांवर थोडे ऋणच असते.

व्यक्तिगत हित व सामूहिक हित यांतील ही फारकत अर्थशास्त्रास परिचित आहे. रांगेत शिरणारा प्रत्येकजण आपल्या मागच्यांचा वेळ खर्चतो, पण तो खर्च त्याच्या हिशेबात येत नाही, हे नाओर यांनी १९६९ मध्ये दाखविले. त्याच वर्षी विक्री यांनी अरुंद पुलावरील वाहनांचा विचार करून असे प्रतिपादिले, की गर्दी टाळण्यासाठी लोक लवकर निघू लागतात आणि शेवटी लवकर निघण्याचा त्रास व थांबण्याचा त्रास यांची बरोबरी होते. क्रीडोद्यानाच्या दारीही तेच घडते. पहाटे येण्याचा सल्ला जसजसा सर्वतोमुखी होतो, तसतशी रांग आतून उठून दाराबाहेर येते.

व्यवस्थापनाने यावर जे उपाय योजले, त्यांचाही हिशेब याच रीतीने मांडावा लागतो. १९९९ मध्ये 'फास्टपास' आले. विनामूल्य चिठ्ठी घेऊन नेमल्या वेळी परतावयाचे, मधल्या काळात हिंडावयाचे. परंतु चिठ्ठीमुळे आसने वाढली नाहीत. चिठ्ठीधारक मधल्या वेळी दुसऱ्या एखाद्या रांगेत उभा राहू लागला आणि एकच माणूस एकाच वेळी दोन रांगांत गणला जाऊ लागला. साध्या रांगेवरील परिणाम तर याहून तीव्र असतो. ताशी १००० क्षमतेच्या खेळापुढे ३०० माणसे असतील तर प्रतीक्षा १८ मिनिटांची. पण त्यांतील ७०० आसने राखीव मार्गाने येणाऱ्यांना दिली, तर त्याच ३०० जणांमागे उभे राहणाऱ्यास पूर्ण तास लागेल. रांगेची लांबी तीच. तिची चाल मात्र मंदावलेली. लांबी पाहून वेळ ताडणारा येथे हटकून फसतो. फ्लोरिडात ही चिठ्ठी २०१४ पासून मनगटी पट्ट्यावर आली, मार्च २०२० मध्ये उद्याने बंद झाल्यावर पुन्हा सुरू झाली नाही, आणि ऑक्टोबर २०२१ पासून तिच्या जागी पैसे देऊन घ्यावयाचा 'लाइटनिंग लेन' हा मार्ग आला. त्याच सुमारास डिस्नेच्या निवासगृहांत उतरणाऱ्यांना अर्धा तास आधी प्रवेश मिळू लागला. १९८२ मध्ये पैशांकडून मिनिटांकडे गेलेली किंमत अशा रीतीने निम्मी-अधिक पुन्हा पैशांकडे वळली. बाहेर राहणाऱ्याच्या दृष्टीने नऊचा ठोका हा प्रारंभ उरलेला नाही. चढाचा पहिला, सर्वांत मोलाचा भाग तोवर विकला गेलेला असतो.

अशा पाहुण्यास दिवसाचे दुसरे टोक अधिक लाभाचे ठरते. आगमन क्षमतेखाली गेल्यावर साठा उतरू लागतो. तो लगेच संपत नाही. दुपारी जमलेली रांग संध्याकाळी उशिरापर्यंत रेंगाळते. परंतु बंद होण्याच्या वेळेपूर्वी जो रांगेत शिरला, त्यास सामान्यतः फेरी मिळतेच. त्यामुळे शेवटच्या खेळाची प्रतीक्षा उद्यान मिटल्यानंतरच्या वेळातून वजा होते. जागत्या दिवसातील एकही फेरी तिच्यापायी गमवावी लागत नाही. सकाळी ज्याचा चढ चुकला, असा एखादा 'क' या अखेरच्या क्षणासाठी राखून ठेवणे गणितास धरूनच आहे. सोबतची मुले तोवर जागी राहिली पाहिजेत, ही अट मात्र कोणत्याही समीकरणात बसत नाही.